पोटखराबा

गट नंबर एकशे सत्तेचाळीस, मौजे चिरेपाडा, तालुका सुरगाणा.
फाल्गुनातलं वाळलं गवत, पँटच्या तळाला कुसळं,
आणि वारा असा की ओळंबा ठरेना.
सौर पॅनेलवाल्यांना सपाटी हवी होती.
मी मोजायला आलो होतो.

तिपाई लावताना दगड दिसले.
अकरा. एका रांगेत.
काही पुरुषभर उंच, काही गुडघ्याएवढे,
एक पार आडवा, कुशीवर झोपल्यासारखा.
रांग संपते तिथं दगडांची मोठी रास
आणि तिला लागून एक लहान,
पालथ्या सुपाएवढी.

आमच्या खात्यात दगड दोनच जातींचे:
हद्दीचा, आणि आडवा येणारा.

झिपरू भोये दांडा धरायला होता.
"कुणाची हद्द रे ही?"
"हद्द नीही, सायेब. हे आमच्या आधीचं आहा."
आधीचं म्हणजे किती?
त्याने हात नुसता मागे टाकला,
खांद्यावरची घोंगडी सारावी तसा.

त्याची नात बकऱ्या घेऊन गेली,
चाल न मोडता वाकली
आणि एक खडा राशीवर टाकून पुढे झाली.
का टाकतात? "टाकायचा."

मला रामकुंडाची सवय.
गेल्या साली आईला लाल फडक्यातून नेलं.
गुरुजी म्हणाले, इथं हाडंसुद्धा विरतात, साडेतीन तासांत.
मी घड्याळ लावून बसलो. मोजणीदाराची खोड.
साडेतीन तासांनी पाण्यावर
झेंडूच्या पाकळ्या, बिस्किटाचा कागद,
आणि पायरीवर कुणी बाई पोराची चड्डी पिळत होती.
आई नेमकी कुठं संपली
त्याचा अक्षांश माझ्याकडे नाही.

इथं मात्र कुणीतरी दगड आणले.
अख्खा माळ काळ्या फत्तराचा,
तरी हे दगड माळाचे नव्हेत;
यांच्या पाठी गुळगुळीत, नदीने घासलेल्या.
म्हणजे खालून, चढावरून,
चाक असेल नसेल, भूक नक्की असेल,
दहा-वीस जण, एकाच्या मागं एक, दम खात.
ओळीची दिशा घेतली: वायव्य.
वर्षातल्या एखाद्या संध्याकाळी सूर्य तिथं टेकत असेल.
नसेलही. मला तेवढा मुक्काम नव्हता.

लहान राशीचे दगड एकालाच उचलतील एवढे.
वरचे तर मुठीत मावतील.
त्या राशीला वीस जण लागले नसणार.

तिच्यावर दांडा टेकवायला झिपरू निघाला
तोच टिटवी उठली, ओरडत, थेट तोंडावर.
वाकून पाहिलं, खड्यांत चार अंडी,
ठिपक्याठिपक्यांची, खड्यांसारखीच.
झिपरूने दांडा आडवा केला.
"तिथला आकडा अंदाजे घाला."
बावीस वर्षांच्या नोकरीत
मी पहिल्यांदा आकडा अंदाजे घातला.

मग लक्षात आलं,
सातव्या आणि आठव्या दगडात दुप्पट अंतर आहे,
आणि माझी तिपाई नेमकी त्या फटीत.
"तुम्ही रांगेत उभे आहा, सायेब,"
झिपरू म्हणाला, सहज, तंबाखू मळत.
मी तिपाई हलवली नाही लगेच.
वारा दोन्ही कानांतून गेला.

तक्त्यात लिहिलं होतं: लागवडीस अयोग्य,
पोटखराबा, वर्ग अ.
जीपमध्ये बसून अ खोडला, ब केला.
ब म्हणजे रस्ता, ओढा, स्मशान.
साहेब पुरावा मागतील.
हाडं कुठं, नावं कुठं, सात-बारावर नोंद कुठं.

निघताना मीही एक खडा उचलला होता,
पण टिटवी जवळ येऊ देईना.
तो खिशातच राहिला, घाटातून, दिंडोरीतून, नाशिकपर्यंत.
आता ऑफिसच्या टेबलावर असतो,
एकशे सत्तेचाळीसच्या फायलीवर.
पंखा चालू असला की
कागद त्याच्याखाली थोडे फडफडतात,
उडत नाहीत.