हापा क्रमांक तीन

डिग्रजच्या खालच्या अंगाला, जिथं उसाला
पाणी पाजून पाजून जमीन मिठानं पांढरी झाली,
तिथं आता तळी आहेत.
चाकं रात्रभर पाणी घुसळतात.
लाईट गेली की भूपालअण्णा झोपेतूनच ओरडतात,
जनरेटर!

मी रविवारी कोळंबी मोजते.
त्याआधी अकरा वर्षं अंगणवाडीत मदतनीस होते.
झोळीत पोर ठेवायचं, आणि काटा थांबेपर्यंत
त्याच्या आईकडं बघायचं नाही.
काम तेच. काटा तेवढा बारीक झाला.

चार हापे, चार तऱ्हेचं खाद्य.
एकात माशाचं तेल, दुसऱ्यात जवसाचं,
तिसऱ्यात नुसतं करडईचं,
चौथ्यात मासा आणि जवस निम्मं निम्मं.
निवेदिता मॅडम म्हणाल्या, मालनताई,
स्निग्ध आम्लं म्हणजे साखळ्या समजा.
आखूड साखळीला कड्या जोडून लांब करणं
हिला जवळजवळ जमत नाही.
लांब लागते ती तोंडातूनच जावी लागते.

तिसऱ्यातली खाते.
ट्रे वर काढला तर कण उरलेला नसतो.
पण कात टाकायच्या रात्री अडकते,
निम्मी जुन्या अंगात, निम्मी नव्या,
आणि बाकीच्या तिला सोडत नाहीत.
सकाळी जाळीला काचेचा एक तुकडा.

पहिल्यात चौदा ग्रॅम. चौथ्यात साडेतेरा.
जवसाला अकरा.
तिसऱ्यात आठ. मागच्या रविवारीही आठ.

अण्णा कोळंबी खात नाहीत, जैनाचं घर.
बांधावरूनच विचारतात,
तिसरीतली पोरं कशी हायती?

पोरं.
वीटभट्टीवरचा दगडू होता, अडीच वर्षांचा.
ताट चाटूनपुसून खायचा.
तक्त्यावरची त्याची रेघ पिवळ्यातून हलेना.
मी त्याच्या आईला म्हणाले होते, सगळ्यांसमोर,
जरा नीट भरवत जा गं.
भरवतच होती की ती.
भातावर भात, भातावर भात.
त्या भातावर काय पडतं,
तेलाचा थेंब तरी, हे मी विचारलं नाही.
पावसाळ्याआधी भट्टी उठली. ती माणसं कर्नाटकात गेली.

मॅडमना म्हटलं, तिसऱ्यात थोडं जवस घालूया का?
म्हणाल्या, अजून तीन आठवडे. प्रयोग मोडत नाही.
बरोबरच आहे त्यांचं.

वहीत लिहिते: खाद्य, संपलं.
पुढची ओली कोळंबी काट्यावर ठेवते.
देठावरचे दोन काळे डोळे.
आकडा थरथरतो, थांबायला वेळ लावतो,
आणि तोवर मी तिच्याकडंच बघत राहते.