उसना दशक

सराव पाठ क्रमांक सतरा.
इयत्ता दुसरी, विषय गणित,
घटक : वजाबाकी, उसना घेऊन.
पट नऊ, हजर सात.
दोघे रापणीवर.

होडीतून येताना टाचणाची वही डोक्यावर धरली होती,
तरी खाडीने दोन थेंब टाकलेच
नेमके 'उद्दिष्टे' या शब्दावर.
शाई पसरली. उद्दिष्टे जरा फुगली.

टाचणात सगळं आहे.
मी काय विचारणार, मुलं काय म्हणणार,
त्यावर मी 'शाब्बास' कधी म्हणणार.
डाव्या रकान्यात मी, उजव्यात मुलं,
मधली रेघ पट्टीने मारलेली.
काल रात्री खळ्यात बसून नऊही जणांची उत्तरं
मीच लिहून टाकली,
एकालाही चुकू दिलं नाही.

मागच्या बाकावर टिकम मॅडम,
गुडघे बाकात मावत नाहीत म्हणून तिरक्या बसलेल्या.
मांडीवर निरीक्षण तक्ता :
फलकलेखन, आवाजातील चढउतार, साहित्याचा वापर,
प्रत्येकापुढे पाच चौकोन.

माझं साहित्य म्हणजे माडाचे हीर,
तासून, दहा-दहाच्या जुड्या बांधलेले,
दोरा बाबांच्या जाळ्यातला.
गाठ मात्र माझी.
त्यांची गाठ सुटत नाही,
आणि मला तर वर्गासमोर सुटणारी हवी होती.

बत्तीस वजा सात.
दोनातून सात जात नाहीत, मग काय करायचं?
उजवा रकाना एका सुरात म्हणाला :
शेजारून दहा उसने आणायचे!
मी जुडी सोडली. काड्या टेबलावर घरंगळल्या.
शाब्बास.
एका अंगाला दर्या, एका अंगाला खाडी,
मध्ये सात मुलं आणि बत्तीस काड्या,
सगळं टाचणाप्रमाणे.

तेवढ्यात खिडकीजवळची रुजाय उठली.
हात वर नाही, काही नाही, नुसती उठली.
'बाई, ह्यो उसनो घेतलेलो दशक
परत कधी देवचो?'

'तो... परत द्यायचा नसतो.'
'मगे तो उसनो कसो?'

मॅडमचं पेन थांबलं.
मला आत्या दिसली, मासळीची पाटी उतरवताना.
पहिल्या वर्षाची माझी फी
तिने कॅलेंडरच्या पाठीवर पेन्सिलीने मांडून ठेवली आहे
आणि ते पान कधी उलटत नाही.
कधी देतेस, असं ती विचारत नाही.
विचारते, 'शाळा गावली काय गो?'
जणू शाळा गाबोळीसारखी
कुठल्यातरी माशाच्या पोटात असते,
चिरत राहिलं की मिळते.
तिला कसं सांगू?
आपल्या दारात भरती दिवसातून दोनदा येते.
दुसरी, पेपरात छापून येते ती,
कधीची आलेली नाही.

'ये,' मी रुजायला म्हणाले. 'तूच मोज.'
तिने टेबलावरच्या मोजल्या, पंचवीस.
माझी मूठ उघडून मोजल्या, सात.
मग ओठ हलवत दोन्ही एकत्र केल्या.
'सगळे हत,' ती म्हणाली.
'दशक घरचोच हा. नुसतो सुटो केलो.'
आणि माझ्याकडे असं बघितलं
की उसना हा शब्द आता तरी पुसा.

मी पुसला.
पुढचा शब्द सुचायच्या आत बाहेर रापण ओढून झाली,
हाळी आली, सगळा वर्ग खिडकीला,
मूल्यमापनाचे तीन प्रश्न वहीतच राहिले.

शेऱ्यात मॅडमनी लिहिलं :
वेळेचे नियोजन नाही. फलकावर खाडाखोड.
विद्यार्थिनीने पाठ हाती घेतला.
त्यापुढे चौकोनात खूण नाही,
पेन टेकवून उचलल्याचा एक ठिपका.
होडीत त्या काहीच बोलल्या नाहीत,
फक्त विचारलं, ती कोणाची गं?

रात्री जुड्या पुन्हा बांधायला घेतल्या.
एकतीस.
पिशवी झटकली, परत मोजल्या.
एकतीस.
उद्या पाठ अठरा, परिसर अभ्यास, ओहोटी.
उजव्या रकान्यात अजून काही लिहिलेलं नाही.