शेऱ्याचा रकाना

कमोडची खुर्ची परत करायला गेले होते
विक्रोळीला, कन्नमवार नगरात.
रिक्षात ती माझ्या मांडीवर, दोन पाय बाहेर.
रिक्षावाला म्हणाला, "पेशंट बरा झाला वाटतं, ताई."
मी म्हटलं, हो.

मंडळाच्या गाळ्यात हळदणकर एकटेच,
एअरबेडला सायकलचं सोल्युशन फासत.
रजिस्टर सरकवलं. नाव, वस्तू, नेली, आणली,
आणि शेवटी शेरा.
पेन दिलं आणि खिडकीकडे बघत राहिले.
वरच्या ओळींत कुणी "बरे झाले" लिहिलेलं,
कुणी "देवाज्ञा", कुणी नुसती आडवी रेघ.
मला काही सुचेना.
"राहू दे कोरं," ते म्हणाले. "गुरुवारी मोकळ्या असता?"

अनामतीचे पाचशे मी घेतले, मोजून.
उगाच मोठेपणा नको.

अकरा वर्षं झाली त्याला.
वार्षिक सभेत पाहुणे विचारतात, इथं का आलात?
सगळे सेवा, ऋण, समाज वगैरे म्हणतात,
हातात समोशाची बशी.
मोरजकर विमा विकायला आला होता.
दोन पॉलिसी खपल्या. तिसऱ्या घरी
एका म्हाताऱ्याला कुशीवर वळवायला हात लावावा लागला,
तेव्हापासून त्याचे फॉर्म बॅगेतच.
फिलोमिनाला पाच ते सात घरात काढवत नाहीत.
तांडेलची अध्यक्षपदाची हौस तीनदा फिटली,
तरी कुबड्यांचे रबरी बूट तोच बदलतो,
दुसऱ्या कुणी बदलले तर रुसतो.
भांडणंही होतात. बॅनरवर आधी नाव कुणाचं,
हिशेबात चाळीस रुपये कमी कसे.
त्या चाळिसांपायी दोघं सोडून गेले.
एक परत आला, चाळीस रुपये घेऊन.

नेणारे घाईत असतात, खाली टेम्पो उभा असतो.
आणून देणारे रेंगाळतात.
वस्तू घासूनपुसून आणलेली,
कधी सैल स्क्रूही पिळलेला.
रिकाम्या हातांनी घरी जायचं त्यांच्या जिवावर येतं.
मी स्टूल पुढे करते. पेन देते.
खिडकीकडे बघते. तिथं बघण्यासारखं काही नाही,
समोरच्या इमारतीचा पाण्याचा पाइप आहे.

परवा एक पोरगा तीच खुर्ची घेऊन आला.
डाव्या हातावर सासूबाईंच्या नखांचे ओरखडे अजून होते.
शेऱ्यात त्यानं लिहिलं,
"आजोबा चालू लागले. आता सगळ्यांवर ओरडतात."
दोनदा वाचलं.
मग साबणाचं पाणी कालवून
एअरबेडवर ओतलं,
बुडबुडा कुठून येतो बघत बसले.