आजची पाटी

सेलूत, स्टेशनरोडला, पंक्चरच्या दुकानाला पाठ लावून
पंचफुलाबाईंची खानावळ आहे.
टेबलं सहा. एकाचा पाय आखूड,
त्याखाली जुन्या लाइटबिलांची घडी.
ती मीच दिलेली. मी मीटर वाचतो गावातले.

मेनूकार्ड नाही.
दाराशी कोपरा फुटलेली शाळेची पाटी,
तिच्यावर रोज सकाळी खडूनं
भाज्यांच्या पुढं माणसं लिहिलेली :

वांगी – शेवंता, वालूर
करडीचं तेल – हुसेनमियाँ
अंबाडी – कुंडलिकची सासू
जवारी – घरची

पहिल्या दिवशी वाटलं, उधारीची यादी असेल.
विचारलं, तर तव्यावरची भाकर बोटांनी उलटत बाई म्हणाल्या,
"ज्याचं खायलो त्याचं नाव नको का माहीत?"

मी देवरुखचा. बदली होऊन आलो
तेव्हा बॅगेत पावशेर आमसुलं होती,
ती दिवाळीपर्यंत पुरवली.
येसराची आमटी पहिल्यांदा जिभेवर आली
तेव्हा डोळ्यांत पाणी आलं,
लोकांना वाटलं घरची आठवण. तिखट होतं ते.
पुढं सवय झाली. इतकी, की रविवारी
खानावळ बंद असली की
दिवसाला चवच नसायची.

एकदा पाटीवर होतं :
वांगी – नाही. शेवंताची लेक बाळंत.
त्या दुपारी गिऱ्हाइकांनी हुलग्याचं माडगं
तक्रार न करता ओरपलं.
डेपोच्या कंडक्टरनं हात धुताना विचारलं,
"काय झालं मंग?"
"पोरगी."
"ब्येस," म्हणाला, आणि तिकिटांची पेटी काखेत मारून गेला.
दहा दिवसांनी वांगी परत आली,
छोटी, काटेरी, आणि टोपलीच्या तळाशी
चुरमुऱ्यांत मिसळलेले सव्वा रुपयाचे बत्तासे.

आमच्या ऑफिसच्या आवारात, ट्रान्सफॉर्मरमागं
एक चिंच आहे. कुणाची नाही, म्हणजे सरकारची.
माघ संपताना तिच्याखाली आकडे पडतात,
फाइल घेऊन येणारे ते तुडवत येतात.
मी एका शनिवारी वेचली, गच्चीवर वाळवली,
चिंचोके काढले, मीठ लावून गोळे वळले,
आईचे हात आठवत, आमसुलांसारखे.

बाईंनी तराजू काढला.
"अहो, राहू द्या," म्हटलं, "अशीच आणली."
"फुकटचं इथं शिजत नाही," म्हणाल्या,
आणि दोन किलो शंभर ग्रॅमचे पैसे
मोजून, चुरगळलेल्या नोटांत, माझ्या ताटाशेजारी ठेवले.
शंभर ग्रॅमचेही.

दुसऱ्या दिवशी दारातच थांबलो.
पाटी भरलेली, खालच्या ओळीला जागा अपुरी,
म्हणून नाव तोडून लिहिलेलं :

चिंच – साळस
कर

एवढ्या वर्षांत मला कुणी साळस म्हटलं नव्हतं.
बिल वाढून आलं की लोक जे म्हणतात
ते पाटीवर लिहिण्यासारखं नसतं.
दुरुस्ती सुचवावी का, एक क्षण आलं मनात.
चप्पल काढली आणि आत गेलो.

आमटी आली. वरती तेलाचा लाल तवंग,
मी चमचा बुडवून माझं झाड शोधायला लागलो.
मागच्या टेबलावर कुणीतरी घोट घेतला,
जिभेनं टाळू वाजवली,
"आज आंबट जास्त झाली ओ बाई."

बाई भाकर थापत होत्या. थाप थांबली नाही.
"पाटी वाचा," एवढंच म्हणाल्या.

खुर्ची सरकल्याचा आवाज आला.
मी मान खाली घातली,
भाकर कुस्करली,
आणि अजून एक वाटी मागितली.