लाईट गेल्यावर

आमच्या शेडमध्ये बोलणं ऐकत नाहीत, बघतात.
छत्तीस माग एकदम धडधडायला लागले
की कान नुसते दागिन्यापुरते.
नरसय्या चिलका ओठ हलवतो,
तिसऱ्या लायनीतून रज्जाक नदाफ वाचतो
आणि भुवईनं उत्तर देतो.
अक्कलकोट रोडला शहर असं चालतं,
सकाळी आठ ते रात्री आठ.

पाण्याला पाच बोटं, पाचव्या दिवशी येतं म्हणून.
नगरसेवकाला वरच्या ओठावरून एक बोट.
त्यानं मिशी काढून तीन वर्षं झाली,
पद जाऊनही तेवढीच,
खूण बदलायचं कुणाला सुचलं नाही.
प्रशासकाला रिकामा तळहात,
त्याचं तोंड कुणी पाहिलंय?
विमानतळाला दोन्ही हात पसरायचे आणि हसायचं.
पुण्याला गेलेल्या पोरांसाठी खूणच नाही,
तेव्हा नुसतं मागाकडं बघायचं.

तेलुगूत ओठ गोल मिटतात.
रेवणसिद्ध मराठीत सुरू करतो,
चिडला की कन्नडात उतरतो.
मला सगळं दिसतं.
मी कोपऱ्यात. कांड्या भरते.
बाईचे ओठ इथं कुणी वाचत नाही,
म्हणून अकरा वर्षं मी मोठ्यानं बोलत आलेय.

मोठ्यानं म्हणजे घसा सोडून.
गटारीच्या टेंडरवर बोलले.
विडीवाल्या बायांची कार्डं कुणी अडवली,
नावं घेऊन बोलले.
डॉल्बीच्या वर्गणीवर बोलले,
रज्जाकच्या गल्लीत सणाच्या आधीच
पोलीस खुर्च्या टाकून का बसतात, यावरसुद्धा.
जेकार्डच्या मागावर अमेरिकेतल्या कुठल्याशा
हॉटेलचं नाव विणून निघतं,
एकेक अक्षर, टॉवेलच्या काठाला.
त्या गावाला नळ कधी येतो रे?
तिथं नगरसेवकाला कुठली खूण करतात?
नरसय्या कांडी उचलून गेला.

मंगळवारी लाईट गेली.
सांगून जात नाही ती, वाक्याच्या मधेच जाते.
माग एका दमात थांबले
आणि पत्र्याखाली माझा एकटीचा आवाज:
'…रात्री दीडला पाणी सोडायचं ज्यानं ठरवलं
त्याच्या घरी भरणारी दुसरी कुणीतरी आहे!'

पत्र्याला लागून परत आलं ते.
रेवणसिद्ध पायानं चप्पल शोधायला लागला.
काचेमागं मालकाचा कॅल्क्युलेटर थांबला.
'काय बोलूलालीस सत्तेम्मा?'
नरसय्या म्हणाला, पण हळू.
शांततेत बोलायची आम्हाला सवय नाही,
ओरडतो तरी, नाहीतर कुजबुजतो.
दुसरी कुणीतरी, मी परत म्हणाले,
आणि तिलाच साडेचारला उठून डबा करायचा असतो.
रज्जाक हसला.
ऐकून हसला, बघून नाही.

सव्वा तासानं लाईट आली.

आता कोपऱ्याकडं तोंड करून बोलतात कधीकधी.
काल नरसय्यानं वरच्या ओठावरून बोट फिरवलं,
मग हातानं पुसलं,
मग तेच बोट कपाळावर टेकवलं, टिकलीसारखं.
वॉर्ड बाईला सुटलाय म्हणे.
उभी राहतेस का, असं ओठांवर दिसलं.
मी चरखा थांबवला.
त्यानं पुढं नवऱ्याचं काहीतरी जोडलं.
विचारून सांग, असं होतं
की विचारत बसू नको, असं?
नेमका तेव्हाच रेवणसिद्ध
खांद्यावर बीम घेऊन मधून गेला.

मी लाईट जायची वाट बघतेय.