अक्षरी

वुलस्टन रोडवर अडुसष्ट झाडं होती.
मला माहीत आहे, मीच मोजली,
नोव्हेंबरात, कौन्सिलचं पिवळं जाकीट घालून,
क्लिपबोर्डवर प्लॅस्टिकची पिशवी,
पेन चालेना म्हणून पेन्सिल.

एक म्हणजे राहू द्या.
नऊ म्हणजे काढून टाका.
मधले आकडे खोड्यांचे:
फुटपाथ उचललाय, दिव्याच्या आड येतं,
आतून पोकळ वाटतं, पुन्हा बघा.

लाइमची झाडं. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली,
लिंबाची? भर रस्त्यात? चोरत नाहीत का कुणी?
नाही गं, यांना लिंबं येत नाहीत.
जूनमध्ये यांच्यातून काहीतरी चिकट गळतं,
त्यावर धूळ बसते, गाड्यांचे टप काळे होतात,
म्हणून गॅरी ब्रॅम्ली
दर उन्हाळ्यात तीन पत्रं लिहितो.
केल्विन प्रिंगलनं एकच लिहिलं:
चर्चसमोरच्या झाडापाशी मला व्हीलचेअर
रस्त्यावर उतरवावी लागते,
आणि मागून बस येते.
ते मी दोनदा वाचलं होतं.

फेब्रुवारीत यादी लागली. एकोणीस.
मग झाडून सगळे बाहेर पडले,
वर्षानुवर्षं 'मॉर्निंग'च्या पुढे न गेलेली माणसं,
फ्लास्क घेऊन, बुंध्यांना फिती बांधत.
मलाही एक फीत दिली कुणीतरी.
ती मी खिशात ठेवली.
सभेत कौन्सिलर वीस मिनिटं बोलला,
बोलण्याला शेंडा ना बुडखा.
कंपनीला प्रत्येक झाडामागे पैसे मिळतात, मागून ओरडलं कुणी.
मिळतात. तेही खरं.

करवती आल्या पहाटे पावणेपाचला.
मॉरीन हॅलम गाऊनवर नवऱ्याचा ओव्हरकोट चढवून
एक्केचाळीस नंबरच्या झाडाला पाठ लावून उभी.
डर्बीचाच पोलीस, कोवळा पोरगा,
'चल ना लव्ह, गारठशील' म्हणाला.
'मिसेस हॅलम म्हणायचं,' ती म्हणाली.
शेवटी त्यानं तिला खुर्ची आणून दिली,
रस्त्याच्या पलीकडे.
तिला तिथवर न्यायला सात मिनिटं लागली.
झाडाला अकरा.

सोमवारी ऑफिसात मी माझा मूळ कागद काढला.
एक्केचाळिसावी ओळ. पावसाचा डाग.
बाकी सगळे आकडे इथले, सरळ, शिस्तीत;
या एका रकान्यात, बोटं बधिर झालेली असताना,
माझ्या हातानं मला न विचारता
चिपळूणच्या शाळेतला आकडा काढला होता.
१.
वर गोळा, खाली शेपूट.
गॅरेथनं तो टाइप केला
जसा इथे कुणीही करेल:
नऊ.

मॉरीनला पत्र लिहिलं. चार वेळा.
आमचा एक तुमच्या नवासारखा दिसतो,
हे वाक्य इंग्रजीत
कसंही लिहिलं तरी थाप वाटतं.
चौथं पत्र कोटाच्या खिशात आहे,
फितीशेजारी.

चर्चसमोर आता फुटपाथ सपाट आहे.
तिथला नऊ नऊच होता, मी पुन्हा तपासलं.
केल्विन तिथून जाताना हात करतो,
मीही करते.
एक्केचाळीसच्या जागी काठीला बांधलेलं रोप आहे,
माझ्या कमरेएवढं,
आणि मॉरीन रोज संध्याकाळी किटलीनं
त्याला पाणी घालते,
पाऊस पडत असला तरी.

या नोव्हेंबरात पुढचा रस्ता.
फॉर्मवर मी आता आकड्याशेजारी शब्दही लिहिते,
चेकवर लिहितात तसा.
गॅरेथ विचारतो, हे काय नवीन?
रकाना लहान आहे, अक्षरं बाहेर जातात.
जाऊ देत.
अक्षरी: एक.
फक्त.