आत माया आहे का

घणसोली गावात, साडेबारा टक्क्यांच्या एका इमारतीखाली
माझा गाळा आहे, आठ बाय नऊचा.
दोन मशिनी. एक माझी, एक उज्माची.
पंखा एकच, टेबलावरचा,
त्याचं तोंड कायम तिच्याकडे,
कारण तिला घाम फार येतो.

काल रात्री मढवींच्या धाकट्या सुनेचा ब्लाऊज कापला.
मोरपंखी रेशीम, रविवारी साखरपुडा,
आणि दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या.

सत्तावीस वर्षं कात्री धरून.
पहिल्या आठवड्यात शिकवतात ते
मी विसरले.

मग सुरू झालं.
डोळे फुटले होते का?
कुणी सांगितलं होतं रात्री कापायला?
बंद कर दुकान, भांडी घास चार घरची.
हे सगळं आतेसासूच्या आवाजात.
ती जाऊन नऊ वर्षं झाली,
दागिने लेकींनी वाटून घेतले,
जीभ माझ्या वाट्याला आली.

चैत्रात उज्माने हेच केलं होतं. अगदी हेच.
बाह्या हातात धरून उभी, कान लालभडक.
मी म्हटलं होतं, आधी पाणी पी.
हातच आहेत गं, चुकायचेच.
बगलेत जोड देऊ, वर लेस लावू,
लोकांना वाटेल फॅशन आहे.
मला आठवतंय, मी हसले पण होते.

ते पाणी काल मला
कुणी दिलं नाही. माठ हाताशी होता.

झोप येईना. साखरपुड्याचं आमंत्रण मलाही आहे,
म्हणून कपाटातून माझा डाळिंबी ब्लाऊज काढला.
घातला. हूक लागेना.
पाळी गेल्यापासून अंग सुटलंय,
त्यावरूनही ती जीभ दोन शब्द बोलली.
सवयीने ब्लाऊज उलटा केला
आणि सवयीनेच विचारलं, जसं गिऱ्हाइकाला विचारते,
आत माया आहे का?

बाळंतीण येते, थायरॉईडवाली येते,
काकी, होत नाही हो, म्हणत दारातच थांबते.
मी कधी विचारत नाही, कशानं झालं.
शिवण उलटी करते, बोटानं चाचपते.
माया असेल तर सगळं होतं.

होती. दोन्ही बाजूंना दीड दीड इंच.
दिराच्या लग्नात, मीच शिवलेला,
तेव्हा कंबर एवढीशी होती
आणि कापड महाग होतं.
तरी त्या पोरीने कापून टाकलं नाही.
तिला काय माहीत होतं माझ्याबद्दल?
काही नाही.
आत दुमडून ठेवलं, एवढंच.

उसवत बसले दीड वाजेपर्यंत.
नवी शिवण घातली.
जुन्या शिवणीची रेघ राहिली, भोकाभोकांची,
आणि आतून आलेली पट्टी गडद दिसते,
तिला ऊन लागलेलं नाही ना.
दिसू दे.

सकाळी मढवीबाईंना फोन केला.
खोटं बोलणार होते, कापडच कमी पडलं म्हणून.
नाही बोलले. चूक माझी, म्हटलं.
त्या चिडल्या. चिडायलाच हव्यात.
वाशीला जाऊन जुळतं रेशीम शोधलं,
एक छटा इकडे-तिकडे,
साडेसातशे रुपये माझे गेले.

दुपारी बाही जोडताना जीभ परत आली,
बघ, रंग वेगळा दिसतोय.
दिसतोय थोडा, म्हटलं,
आणि टाका पुढे घातला.

जायची नाही ती एका रात्रीत.
उकडत होतं. तळवली नाक्याकडून
कंपनीची बस गेली, धूळ आत आली.
मी उठले, माठातलं पाणी घेतलं,
भांडंभर, उभ्यानं नाही, बसून.
आणि पंख्याची मान
जरा माझ्याकडे वळवली.
उज्मा खाली मान घालून काज करत होती,
तिच्या केसांची बट अजून उडत होती.
दोघींना पुरतो की.